चुना, माती आणि भोईरसाहेब

भोईरसाहेबांच्या लाल पेन्सिलीचा ‘योग्य’ या शब्दावर भारी राग होता. शहापूरच्या कचेरीत मी कनिष्ठ अभियंता म्हणून नवीनच रुजू झाले होते. रस्त्याच्या कामात ठेकेदारानं काय आणि कसं करायचं, त्याचा मसुदा लिहिणं माझ्याकडे आलं. ‘योग्य प्रमाणात पाणी शिंपडावे,’ असं मी लिहिलं, की झालंच! “योग्य म्हंजे किती गो? ठेकेदार तांब्याभर शिंपडंल आन म्हनंल, हेच योग्य. कागदावर नाय ते कामावर नाय, ध्यानात ठेव.” रागावले की साहेब असे मुरबाडकडच्या आपल्या घरच्या बोलीवर यायचे. एरवी बोलणं इतकं शुद्ध, की ठाण्याचे मोठे साहेबही त्यांच्यापुढे जपून बोलत.

माणूस मातीवेडा. मुठीत दाबून बघायचे, वास घ्यायचे, आणि जेवणाचा डबा रिकामा झाला की त्यात माती भरून घरी न्यायचे. बायको बिचारी कातावून गेली होती. आमच्याकडचे रस्ते भातशेतीतून जातात. खालची चिकण माती पाणी धरते आणि रस्ता खचतो. तिच्यात चुना नीट मिसळला, दाबला, की ती घट्ट बसते. साहेबांचा या कामावर फार जीव. डोळखांबकडच्या एका रस्त्याचा मसुदा त्यांनी स्वतः सांगितला आणि मी लिहून घेतला. ढेकळं किती बारीक फोडायची, चुन्याचा थर किती, ओल कशी टिकवायची. मातीचे एवढे लाड मी कुठे पाहिले नव्हते. माती फारच ओली होती, म्हणून त्यांनी कळीचा चुना घातला. पाणी लागलं की उकळतो तो. तिथवर यंत्र पोचत नव्हतं, म्हणून पुढे लिहिलं, ‘मजुरांकरवी एकजीव मिसळून घ्यावे.’

आम्ही काम बघायला गेलो, तेव्हा पाड्यावरच्या बाया बांधावर बसल्या होत्या. आमच्याकडे कुडाच्या भिंती लिंपायला माती मळतात ती पायानं. तशीच त्यांनी हीही मळली होती, चुन्यासकट, अनवाणी. पोटऱ्यांपर्यंत कातडी सोलवटली होती. त्यांच्यातली वडीलधारी बुधीबाई साहेबांना बघून उठायला गेली, पण तिला उठवेना. तिनं पाय लुगड्याखाली ओढून घेतले आणि विचारलं, “साहेब, माती बरी कालवलीय ना? एक ढेकूल नाय ठेवलं आमी.”

साहेबांनी बांधावरच्या सगळ्या पायांवरून एकदा नजर फिरवली. मग ते ठेकेदारावर ओरडले. तो गडी शांत. “साहेब, बुटाचं कलम कुठाय? कागदावर नाही ते कामावर नाही, तुम्हीच तर सांगता.” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मसुद्यातलं अक्षर माझं होतं. साहेबांनी बायांच्या पायांवर हंडेच्या हंडे पाणी ओतायला लावलं आणि त्यांना आमच्या जीपमधून दवाखान्यात पाठवलं. आम्ही चालत निघालो. वाटेत ते एवढंच म्हणाले, “पोरपनी मी पन पायानंच मळलीय गो माती. त्या पाय घालनार, ह्ये मला ठाऊक होतं. ठाऊक आसून नाय लिवलं.”

पुढचा मसुदा मुरबाडच्या बाजूच्या रस्त्याचा. त्यात मातीच्याही आधी माणसांचं कलम आलं: चुना आधीच पाण्यात विरवलेला, पुन्हा न उकळणारा, अनवाणी कुणीही चुन्यात उतरायचं नाही, बूट आणि हातमोजे ठेकेदारानं द्यायचे, स्वच्छ पाण्याचं पिंप जवळ हवं. ठाण्याच्या बैठकीत मोठ्या साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. “भोईर, हा रस्त्याचा मसुदा आहे. बूट कशाला? काढा ते कलम.” साहेब उभे राहिले. त्यांची बढती तेव्हा अगदी दारात आली होती. गप्प बसले असते तर कुणी नाव ठेवलं नसतं. “काढणार नाही,” ते म्हणाले. “माझ्या मसुद्यानं बायांचे पाय भाजले. ठेकेदाराची चूक नव्हे, माझी. हे इथे नोंदवून घ्या.” सगळे आपापल्या चहाच्या कपात बघत बसले. मीही. त्यांच्या बाजूनं एक शब्द बोलायचं धाडस मला झालं नाही. कलम राहिलं. बढती गेली ती गेलीच.

निवृत्तीनंतर ते एकदा मुरबाडच्या एसटी स्टँडवर भेटले. हातात पिशवी, लेकीकडे निघालेले. लेक डोळखांबला दिलेली. मी आपली कौतुकानं म्हणाले, “साहेब, आपला डोळखांबचा रस्ता पाहिलात? इतके पावसाळे गेले, कुठे खचला म्हणून नाही. नव्या अभियंत्यांना मुद्दाम न्यावं असा झालाय.” जीभ झडो माझी! साहेबांचा चेहरा असा पडला की मला तिथून पळून जावंसं वाटलं.

“ठाऊक हाय,” ते म्हणाले. “लेक सांगते. खचला आसता तर बरा झाला आसता गो. वाईट काम व्हतं, गेलं, म्हनलो आसतो. आता लोक चांगला म्हनतात, आन मला मान वर करवत नाय.”

डोळखांबची एसटी समोरच उभी होती, आपल्या त्या रस्त्यावरूनच जाणारी, जवळजवळ रिकामी. मी त्यांची पिशवी उचलून तिकडे वळले, तर त्यांनी ती हलकेच माझ्या हातातून काढून घेतली. कल्याणला जायचं, तिथून गाडीनं खर्डी, खर्डीहून रिक्षा. लेकीकडे ते दरवेळी असेच फिरून जात. कल्याणची जीप खच्चून भरली होती. मागच्या फळीवर अंग चोरून साहेब कसेबसे बसले, आणि जीप निघाली.