सोनिवलीच्या विहिरीचं पाणी

मी हैदराबादला निघाले त्या दुपारी बुवापाड्यातल्या आमच्या चाळीत कोणी आडवं झालं नाही. बाबांनी कंपनीत हाफ डे टाकला होता. आई सकाळपासून माझ्या बॅगेत काही ना काही कोंबत होती आणि मी ते हळूच बाहेर काढून ठेवत होते. दारात माणसं जमली होती, आणि सगळ्यांत पुढे शेजारच्या यमुनाकाकी. आमची वैशू पाणी तपासायच्या सरकारी नोकरीवर चाललीय, असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगत होत्या. नोकरी एका खाजगी लॅबमध्ये होती, पण काकींना कोण समजावणार. त्यांनी माझ्या गालांवरून हात फिरवून कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. मी त्यांच्या पाया पडायला वाकले आणि तशीच वाकून राहावं असं वाटलं, कारण वर पाहिलं असतं तर त्यांचे डोळे दिसले असते.

रिक्षा वळणावर आली तेव्हा शेजारी बसलेली आई म्हणाली, "मागं बघू नको." लेकीच्या वाटेला अपशकुन नको म्हणून म्हणाली, असं रिक्षावाल्यालाही वाटलं असेल. पण ती तसं का म्हणाली, हे आम्हा दोघींनाच ठाऊक होतं.

माझ्यासारख्या तुम्हीही कितीतरी जणी त्या पाड्यातून बाहेर पडलात. कोणी पुण्यात, कोणी दुबईत, एकजण तर पार न्यूझीलंडला. आपल्या पाड्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तुम्ही मला टोमणे मारता, की वैशाली एक रात्रीच्या गाडीच्या अंतरावर राहते आणि पाच-पाच वर्षं फिरकत नाही, मोठी मॅडम झाली. मी हसणारा चेहरा टाकते आणि विषय बदलते. आज विषय बदलणार नाही.

मी बारावीला होते तेव्हा दोन हजारचं दशक अर्ध्यावर आलं होतं. उल्हासनगरच्या कॉलेजात सायन्स, आणि जीव की प्राण असा एकच विषय, बायोलॉजी. मूत्रपिंडाची आकृती मी डोळे मिटून काढायचे. बाणांच्या रेघा पट्टीने, नावं एकाखाली एक उजव्या बाजूला, शेडिंग अजिबात नाही, कारण शेडिंग केलं की सर मार्क कापायचे. मी डॉक्टर होणार हे मला कळायच्या आत चाळीने ठरवून टाकलं होतं. सीईटीचं जाडजूड गाइड उशाला असायचं आणि आई ताट आणून द्यायची तेही चार पर्यायांतून योग्य पर्याय निवडता निवडता जेवायचे.

त्याच सुमाराला पर्यावरण शिक्षण हा विषय सक्तीचा झाला होता. त्याला कोणी काडीची किंमत देत नसे. शिकवणाऱ्या सरांनी प्रकल्प दिला: आपल्या परिसरातल्या पाण्याच्या एका स्रोताचा अभ्यास. प्रत्येकाला एक छोटी काचेची बाटली मिळाली, आत पिवळसर पूड. बाटलीत खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण लावून उबदार जागी दीड दिवस ठेवायची. पाणी काळं पडलं तर त्यात मैल्याची घाण मिसळली आहे असं समजायचं. झालं, एवढंच काम.

आमच्या चाळीमागे हापसा होता. दारापासून पन्नास पावलं. एका अंगाला उघडं गटार, दुसऱ्या अंगाला सार्वजनिक संडास. पन्नास पावलं, आणि तेवढीही मी चालले नाही.

वर्गातली कंचन, उल्हासनगरचीच सिंधी मुलगी, माझ्यासमोर एक जुनी फाइल टाकून म्हणाली, "अरे यार, कौन करता है ये सब? सर सिर्फ कव्हर देखते हैं. उतार डाल." ती आदल्या वर्षीच्या बदलापूरच्या एका मुलीची फाइल होती. ती बिचारी खरोखर मामाच्या गावी सोनिवलीला गेली होती, तिथल्या विहिरीचं पाणी काढून तिने सगळं नीट तपासलं होतं. मी बसल्या बैठकीला सगळं उतरवलं. विहिरीच्या जागी हापसा लिहिलं, सोनिवलीच्या जागी बुवापाडा. आकडे तेच. निष्कर्षही तोच: 'सदर पाणी पिण्यास योग्य आहे.' माझं अक्षर चांगलं, त्यामुळे ते वाक्य छापल्यासारखं दिसत होतं. कोरी बाटली कंपासपेटीत तशीच पडून राहिली. सरांनी कव्हर पाहिलं, सही केली, शिक्का मारला, वर लाल शाईत 'गुड' लिहिलं. आणि वाचवलेल्या दोन दिवसांत मी वनस्पतींच्या संप्रेरकांचा धडा संपवला.

कॉलेजात संपायची ती गोष्ट घरी आली. बाबांना शिक्का दिसला. बाबा सातवी झालेले, शिक्क्याचा त्यांना भारी आदर. शिकलेल्या माणसानं लिहिलं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं ते नेहमी म्हणायचे. त्यांनी दारात खुर्ची टाकून तो निष्कर्ष दोनदा मोठ्याने वाचून दाखवला. मी आत होते. मी बाहेर येऊन त्यांना थांबवलं नाही. लेकीचं कौतुक चाललं होतं, कुठली लेक थांबवेल?

तोवर हापशाचं पाणी आम्ही भांडी-धुण्याला वापरायचो, पिण्याला नळाचं. त्या उन्हाळ्यात नळाला एक दिवसाआड पाणी येऊ लागलं, मग दोन दिवसांआड. नळ चढणीच्या टोकाला होता. यमुनाकाकींचे गुडघे गेलेले, मुलगा शिफ्टला, त्यामुळे हंडे आणायचे ते त्यांची सून संगीताने, आणि संगीताला पाचवा महिना चालू होता. पंचविशीच्या आतली, हसरी, माझ्या वहीतल्या आकृत्या बघून 'ह्यातलं बाळ कुठं असतंय?' असं विचारणारी. तिचं चढणं-उतरणं काकींना बघवेना. सासू असून आईच्या मायेने वागवायच्या तिला. एका सकाळी त्या आमच्या दारात आल्या आणि विचारलं, "वैशू, हापशाचं पाणी चांगलं हाय म्हनत्यात. खरं ना गं? म्हंजी हिला वर जायाला नको."

माझ्यासमोर प्रश्नसंच होता. मान वर न करता मी म्हणाले, "हो काकी. लिहिलंय ना."

तेवढंच बोलले मी. आता आठवताना वाटतं की तेव्हा मला कसलीतरी टोचणी लागली असेल, पण खोटं कशाला सांगू? काही लागली नव्हती. पुढचा प्रश्न वाचला.

सातव्या महिन्यात संगीता डोहाळजेवणासाठी विठ्ठलवाडीला माहेरी गेली. आठ दिवस राहून परत आली आणि त्याच आठवड्यात तिचे डोळे पिवळे झाले. हॉस्पिटलात नेलं. चौथ्या दिवशी पोटातल्या बाळासकट गेली.

आमच्यात माणूस गेलं की काही दिवसांनी जलदान विधी करतात. विहारात सगळी चाळ बसली होती. संगीताची आई विठ्ठलवाडीहून आलेली. ती जीन्सचे धागे कापायचं काम घरी आणून करायची, त्या कापून कापून घट्टे पडलेल्या बोटांत तिने पदर धरलेला. वंदना झाली आणि यमुनाकाकी तिच्याकडे वळून सगळ्यांदेखत म्हणाल्या, "तुमच्याकडचं खाऊन आली नि माझी पोर गेली. हितलं पानी तर तपासलेलं हाय." ती माउली उठली आणि चपला शोधून निघून गेली. त्यानंतर त्या दोन घरांत ना येणं-जाणं राहिलं, ना जयभीम. काकींच्या मुलाचं पुढे दुसरं लग्न झालं, तेव्हा विठ्ठलवाडीला निरोपसुद्धा गेला नाही.

त्या विहारात मी तिसऱ्या रांगेत बसले होते. कावीळ कशानेही होते, असं मी स्वतःला सांगत होते.

डॉक्टरकीपुरते मार्क सीईटीत पडले नाहीत. म्हणजे ज्या दोन दिवसांसाठी मी हे केलं ते दोन दिवसही वायाच गेले. बीएस्सीला मायक्रोबायोलॉजी घेतलं. दुसऱ्या वर्षी एका मॅडमनी पाण्यातून पसरणाऱ्या काविळीचा प्रकार शिकवला. घाण पाण्यातून होते, म्हणाल्या. गरोदर बाईला जिवावर बेतते. आणि विषाणू पोटात गेल्यापासून डोळे पिवळे होईपर्यंत काही आठवडे जातात, महिना-सव्वा महिनाही लागतो. मी वहीत ते लिहून घेतलं आणि बाजूला चांदणी काढली, कारण प्रश्न येणार होता. चांदणी काढून झाल्यावर माझा हात थांबला. संगीता माहेरी राहिली होती आठ दिवस. रोग त्याच्या कितीतरी आधी अंगात शिरलेला होता, बुवापाड्यातच. तो हापशातूनच शिरला असं मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण विठ्ठलवाडीत शिरला नव्हता, हे मला त्या बाकावर कळलं. परीक्षेत तो प्रश्न आला. मला पैकीच्या पैकी मार्क मिळाले.

घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं. आई तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, "कुणाला बोलू नको. सुनेला ते पानी काकीनंच दिलंय. तिला हे कळलं तर ती सोताला खाईल." आणि पुन्हा सूप हातात घेत, "तुझं शिक्षान हाय अजून." आईचं पहिलं कारण खरं होतं आणि दुसरंही खरं होतं. मला दोन्ही सोयीची पडली. दशक संपता संपता नोकरी लागली, आणि आईने मला मागे बघू नको म्हणून सांगितलं.

हैदराबादेत माझं बरं चाललंय. नाचारमला आमची लॅब, मौला अलीला वन बीएचके. सकाळी टिफिन म्हणून इडली खाते, कोणी काही विचारलं की तोंडातून आपसूक 'हो'ऐवजी 'हौ' जातं. इथे पिण्याच्या पाण्याला मंची नीळ्ळु म्हणतात, म्हणजे चांगलं पाणी. पहिल्या आठवड्यात अपार्टमेंटच्या वॉचमनच्या बायकोने हे मला शिकवलं तेव्हा मी जिन्यात जाऊन रडले, आणि ती बिचारी समजली की हिला घरची आठवण आली. लॅबमध्ये मी स्वतः डोळ्यांनी न पाहिलेल्या रीडिंगवर सही करत नाही. ज्युनियर पोरी माझी चेष्टा करतात, अक्का नळाचं पाणीसुद्धा पासपोर्ट बघून आत सोडते, म्हणतात. करू देत. ज्यांच्या आज्या-पणज्यांना सार्वजनिक पाण्याचा एक घोट मिळावा म्हणून झगडावं लागलं, त्यांच्या घरातल्या मुलीने पाण्याबद्दल खोटं लिहिलं. ह्याची लाज मला इथे कोणाला समजावून सांगता येत नाही.

गेल्या वर्षी बाबांचं डोळ्याचं ऑपरेशन होतं म्हणून मी गेले. आता हापशाला मोटर बसली आहे, वर काळी टाकी आली आहे. यमुनाकाकी काठी टेकत आल्या. आता त्यांच्या घरात दुसऱ्या सुनेची दोन मुलं आहेत. म्हणाल्या, समदे म्हनत्यात पानी चांगलं हाय, पर मी म्हनलं आमच्या वैशूनं बघितल्याबिगर पोरांना प्यायला द्यायाचं नाही. कामानिमित्त असतात तशा माझ्या बॅगेत त्या बाटल्या होत्याच. मी पन्नास पावलं चालून गेले, टाकीच्या नळाखाली बाटली भरली आणि काकींच्याच फळीवर ठेवली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काकींनीच हाक मारली. पाणी काळं झालं होतं.

मी त्यांना म्हणाले, हे प्यायचं नाही, उकळूनच वापरा, नगरपालिकेला मी अर्ज लिहून देते. काकी बाटली उजेडाकडे धरून बघत होत्या. आई दारात उभी होती. काकींनी सहज विचारलं, "मागल्या टायमाला असं काळं झालं नव्हतं?"

आईने माझ्याकडे पाहिलं.

"मागच्या वेळी मी बाटली भरलीच नव्हती, काकी," मी म्हणाले. मग बाकीचंही सांगितलं. सोनिवलीची विहीर सांगितली, डोळे पिवळे व्हायला किती आठवडे लागतात तेही सांगितलं. शिकवताना सांगतात तसं सांगत गेले, कारण दुसरं कसं सांगायचं मला येत नव्हतं. काकींनी बाटली खाली ठेवली. त्या मला मारतील असं वाटलं, मारलं असतं तर बरं झालं असतं. मग त्या म्हणाल्या, "म्हंजी तिच्या आईचं काय चुकलं नव्हतं."

"नाही, काकी."

"मागल्या साली गेली ती. तिच्या जलदानालाबी मी गेले नाही."

त्यानंतर त्या भिंतीकडे तोंड करून बसल्या. मी निघाले तेव्हा बोटं मोडायला कोणी आलं नाही. आई फोनवर सांगते की काकी आता आमच्याकडे येत नाहीत, दारातून जाताना नजर फिरवतात. पाणी मात्र उकळून पितात.

घर म्हणजे काय, असं तुम्ही ग्रुपवर विचारता, कोणी आईच्या हातची चव लिहितं, कोणी गल्लीचा फोटो टाकतं. माझ्यापुरतं सांगते. माझ्या एका शब्दावर माणसांनी डोळे मिटून पाणी प्यायलं ती जागा म्हणजे माझं घर, आणि ते मी स्वतःच्या सुवाच्य अक्षरात मोडलं. ते परत मिळावं असं मी मागत नाही. पण विठ्ठलवाडीला संगीताचा भाऊ असेल, भावजय असेल, त्यांची मुलं असतील. त्यांच्यापर्यंत एवढं कोणीतरी पोचवा: तुमच्या आईने लेकीला त्या आठ दिवसांत जे जे करून वाढलं, त्यात वाईट असं काहीही नव्हतं.