मिशी माझी, लुगडं आईचं

आमच्या बाबांनी मला नाटकात काम करायला बंदी केली होती, हे माझ्या नातींना आजही खोटं वाटतं. कारण बाबा स्वतःच नाटकवाले. दशावतारातले. आणि तिथे ते बाई व्हायचे! कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की पेटारा घेऊन त्यांची कंपनी गावोगाव फिरे, आणि देवळासमोर बाबा शालू नेसून असे काही उभे राहत की बघणाऱ्या बायका आपापले पदर नीट करायच्या. केस कमरेपर्यंत, आवाज गोड, चाल तर विचारूच नका. आणि हाच माणूस घरी लेकीला म्हणाला, "नाटकाचा नाव काढलंस तर शाळा बंद. कायमची."

मी हबकलेच. म्हटलं, हे काय बोलणं झालं? पण बाबांसमोर तोंड उघडायची सोय नव्हती. देश स्वतंत्र होऊन दहा-बारा वर्षं झाली असतील. मी नववीत. आमच्या वाडीतून मालवणच्या मुलींच्या शाळेत जाणारी मी एकटीच, वाळू तुडवत तासभर चालायचं. शाळा बंद म्हणजे पुढे काय, हे शेजारच्या दोन मैत्रिणींकडे बघून मला चांगलं कळलं होतं. दोघींच्या कडेवर पोरं होती.

त्या वर्षी आमच्या मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, जाहीर केलं की संमेलनात नुसते नाच नकोत, मुलींनी अख्खं नाटक करायचं. गावात कुजबुज सुरू झाली. मग बाईंनी तोड काढली: प्रयोग दुपारी, आणि बघायला फक्त बायका. पुरुषाची सावलीसुद्धा नको. शिपाईदादालाही फाटकाबाहेर बसवलं. नाटक मराठीच्या बाईंनी लिहिलं होतं. एक राजकन्या बापाला न विचारता राजवाड्याबाहेर जाते, आणि बाप, म्हणजे राजा, तिला राज्यातून हाकलून देतो. राजा मी! उंच होते आणि आवाज बाजारात मासे विकायला शोभेल असा. आता असा राजा कोण सोडतो हो?

आईला सांगितलं. तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग म्हणाली, "जत्रेसून येवन दुपारी निजतत ते. जा, आणि संपला की धावत ये." मी काथ्याची मिशी केली, आणि ती काळी करायला बाबांच्या पेटाऱ्यातली काजळाची डबी उचलली. तेच चुकलं. ज्याचं पोट काजळावर, त्याची डबी उचलावी का? पण अक्कल कुठे होती.

प्रयोगाला बायकांची ही गर्दी. बाकं जोडून केलेल्या रंगमंचावर माझे दोन प्रवेश झकास झाले. तिसऱ्यात राजकन्या माझ्या पायाशी बसून रडत होती, आणि मी तिला हाकलायचं भाषण सुरू करणार, तोच माझी नजर दाराजवळच्या खांबाकडे गेली. एक बाई टेकून बसली होती. अंगावर आईचं हिरवं लुगडं. वाटलं, आईच आली. पण त्या बाईने हनुवटीखाली पदर दोन बोटांत धरला होता. आई पदर दातांत धरते. दोन बोटांत कोण धरतं ते मी लहानपणापासून जत्रेत बघत आले होते.

अगो बाई! बाबा!

एवढ्या बायकांच्या मधोमध माझा बाप बसला होता, आणि शेजारची मासे विकणारी म्हातारी त्याला पान देऊन विचारत होती, "खंयची गो तू?" काय उत्तर दिलं ते मला ऐकू आलं नाही. पण ती बाई हसली आणि तिने पान तोंडात टाकलं. बाबा पकडले गेले तर गावभर छी-थू, मोठ्या बाई मला शाळेत उभी करणार नाहीत. नाही पकडले गेले, तर घरी शाळा बंदच. दोन्हीकडून मेलेच की मी! भाषण साफ उडालं. पडद्यामागून मराठीच्या बाई वही घेऊन सांगत होत्या, "चालती हो... चालती हो म्हण!"

दशावतारात लिहिलेलं काही नसतं. बाबा नेहमी म्हणत, "आमचा बोलणा कागदार नसता, पोटात आसता." मी खांबाकडे बघितलं, आणि पोटात होतं ते बोलून गेले.

"मुली," मी राजकन्येला म्हटलं, "विचारलं नाहीस, चुकलीस. पण विचारलं असतंस तर मी नाहीच म्हटलं असतं. म्हणून चूक माझीही आहे. ऊठ. डोळे पूस. आणि सोमवारपासून पाठशाळेत जा. हा राजाचा हुकूम आहे!"

राजकन्या रडायची थांबून माझ्याकडे आ वासून बघायला लागली. पडद्यामागे वही पडल्याचा आवाज आला. आणि बायकांनी टाळ्यांचा असा कडकडाट केला की शिपाईदादा धावत फाटकाच्या आत आला. खांबाजवळ बघते तर बाई गायब.

मिशीसकट धावत घरी गेले. बाबा मागच्या पडवीत पंचा नेसून तोंड धूत होते. हिरवं लुगडं घडी घालून ठेवलेलं.

"मिशी वायच वाकडी होती," ते म्हणाले.

मी कसंबसं विचारलं, "बाबा, शाळा?"

"राजान सांगल्यान ना, सोमवारपासून जा म्हणान? मगे हुकूम मोडूचो कसो?" मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "पण राजाच हो. नाटकात बाई होव नको."

मला रागच आला. "तुमी होतास तां चालता?"

त्यांनी तांब्या खाली ठेवला. "माझ्याकडे बघून लोक काय काय वरडतत, तुका म्हायती नाय. पण मी सकाळी तोंड धुतंय, धोतर नेसतंय, नि त्याच लोकांतसून चलत जातंय. माझी सुटका होता. तू तोंड धुतलंस, तर काय उतरतला गो?"

त्यांनी तांब्या भरून माझ्यापुढे सरकवला. मी तोंड धुतलं. मिशी निघाली, काजळ निघालं. बाकी काहीच निघालं नाही.