सकुशल परत

सही मी केली होती. हे आधीच सांगून टाकते, कारण त्या दिवसाची गोष्ट आमच्या घरात निघाली की माझं नाव जरा जास्तच चांगल्या रीतीने घेतलं जातं.

आमच्या यात्रेची ती शेवटची सकाळ होती. धारहून निघालेली बस नेपाळ करून परत येत होती. आदल्या रात्री आष्ट्याच्या धर्मशाळेत मुक्काम झाला होता आणि सकाळी सोनकच्छला आम्ही चहासाठी थांबलो होतो. यात्रेच्या व्यवस्थापकांनी एका मोठ्या कागदाची घडी उलगडून तो माझ्या मांडीवर ठेवला, स्वतःचं पेन उघडून हातात दिलं आणि म्हणाले, "शिकलेल्या माणसापासून सुरुवात करू या."

कागदावर हिंदीत लिहिलं होतं की सर्व यात्रेकरू सकुशल परत आले, व्यवस्था उत्तम होती आणि पुढच्या वर्षीही आम्ही यांच्याबरोबरच जाऊ. मी वाचलं. 'सर्व' आणि 'सकुशल' हे दोन्ही शब्द नीट वाचले. आणि सही केली. धारमधल्या मुलींच्या एका शाळेत मी तेव्हा हंगामी शिक्षिका होते आणि हे गृहस्थ त्या शाळेच्या समितीवर होते.

कागद पुढे गेला तो माझ्या शेजारी बसलेल्या आत्याकडे. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. तिचे यजमान संस्थानात दरबारचे शिंपी होते. संस्थान विलीन झालं, काम गेलं, आणि पुढच्या वर्षी तेही गेले. आत्याने त्यांचं मशीन ओसरीवर आणून मांडलं आणि अर्ध्या गावाच्या चोळ्या-पोलकी शिवली. त्या पैशांवर ही यात्रा. परदेश बघायचा, एवढं एकच तिच्या डोक्यात होतं. सरहद्द ओलांडली तेव्हा ती वाकून माती बघत म्हणाली, "ही तर आपल्यासारखीच आहे गं." काठमांडूला देवदर्शनापेक्षा जास्ती वेळ तिने एका दुकानात लोकरीच्या कापडाची वीण तपासण्यात घालवला.

सबंध प्रवासात तिच्या पलीकडे, खिडकीशी, देवासच्या एक काकी बसत. लग्नाकार्यात पन्नास-पन्नास पानांचा स्वयंपाक एकहाती उठवणाऱ्या, भाच्याजवळ राहणाऱ्या. खिडकी उघडी ठेवायची की बंद, यावरून दोघींचं रोज वाजायचं. आता ती जागा रिकामी होती आणि आत्याने त्यावर काहीही ठेवू दिलं नव्हतं. पिशवीसुद्धा नाही.

परतीच्या वाटेवर काकींना ताप भरला होता. गोरखपूरला तो इतका चढला की त्यांना माणसं ओळखू येईनात. व्यवस्थापकांनी त्यांना तिथल्या दवाखान्यात नेलं आणि तासाभराने एकटेच परत आले. "भाच्याला तार केली आहे, तो येईल. आपल्याला थांबता येणार नाही," असं त्यांनी सांगितलं. आत्या म्हणाली, "मी थांबते." त्यावर ते म्हणाले, "तुम्ही थांबलात तर ही तरुण मुलगी एकटी कशी जाणार?" आत्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणायला हवं होतं की मी जाईन, नाहीतर मीही थांबते. मी काहीच बोलले नाही. बस निघाली. त्यानंतर चार दिवस आत्या माझ्याशी कामापुरतंच बोलत होती.

तर सोनकच्छला आत्याने तो कागद हातात घेतला. तिला अक्षर लावून लावून वाचता येई.

"सकुशल म्हणजे काय गं?" तिने मला विचारलं. तिला ठाऊक होतं. मला म्हणायला लावायचं होतं.

"सुखरूप," मी म्हणाले.

"सगळे?"

आत्याने कागद व्यवस्थापकांना परत दिला. "मी नाही करणार सही."

"आत्याबाई, ही नुसती रीत आहे. दर यात्रेच्या शेवटी करतात."

"मग तिच्याशिवाय शेवट कसा झाला?"

"त्यांची सोय लावलेली आहे. ज्याचं त्याचं आजारपण असतं, त्याला व्यवस्था काय करणार? एकट्या तुमच्यासाठी मजकूर बदलायचा का?"

"माझ्यासाठी नका बदलू. खरं असेल ते लिहा, मी लगेच सही करते."

ते आवाज न चढवता माझ्याकडे वळले. "तुम्ही समजवा यांना. तुमच्या कायम होण्याचं जूनमध्ये निघेलच." एवढंच बोलून त्यांनी कागद पुढच्या बाकावर दिला. तिथे सह्या झाल्या. मागेही झाल्या. कोणी वाचलं, कोणी वाचलं नाही. बस सुरू झाली तेव्हा आत्याला मी हळूच म्हटलं, "आता घर आलंच आहे. कशाला वाकडं घ्यायचं?"

"तू नको घेऊस," ती म्हणाली. "तुला नोकरी आहे." त्यात टोमणा नव्हता, म्हणूनच मला ते जास्त लागलं.

देवास तासाभरात आलं. देवीची टेकडी दिसू लागली तसे देवासचे सात-आठ जण सामान आवरायला लागले. व्यवस्थापक दारापाशी उभे राहिले. "देवासच्यांनीच उतरा. बाकी कोणी उतरू नका, धारला उशीर होतोय. आणि काकींच्या भाच्याशी मी बोलेन, कोणी मध्ये पडू नका."

भाचा अड्ड्यावर उभा होता. घड्याळं दुरुस्त करायचा तो. शर्टाच्या खिशात बारीक चिमटा तसाच राहिला होता, बहुतेक दुकान अर्धं टाकून आला असावा. त्याने काकींसाठी टांगा आणून ठेवला होता. उतरणाऱ्या प्रत्येक माणसाच्या मागे तो मान उंचावून बघत होता.

म्हणजे तार मिळालेलीच नव्हती. खिडकीतून मला ते दिसलं. आत्यालाही दिसलं असणार, कारण ती उठली.

"आत्याबाई, तुम्ही धारच्या," व्यवस्थापक म्हणाले.

"मी तिच्या शेजारची," आत्या म्हणाली आणि त्यांचा दारावरचा हात बाजूला करून खाली उतरली.

तिने भाच्याला सगळं सांगितलं. कुठे, कोणत्या दिवशी, किती ताप. तो म्हणाला, "मला कोणी कळवलं का नाही?"

व्यवस्थापक पुढे झाले. "तार केलेली आहे. तुमच्याकडची टपाल-तार अशी, त्याला आम्ही काय करणार? त्यांची नीट सोय केली आहे. यात्रेत कोणाचीच तक्रार नाही. हे बघा, सगळ्यांच्या सह्या आहेत." आणि त्यांनी तो कागद त्याच्या पुढे धरला.

सगळ्यात वर माझं नाव होतं. वळणदार, शाळेच्या फळ्यावर काढावं तसं. भाच्याने ते वाचलं आणि विचारलं, "या कोण?"

मी तोवर खाली उतरले होते. कशी उतरले ते आठवत नाही. "मी," असं म्हणून मी कागद हातातून घेतला. व्यवस्थापकांना वाटलं असावं की मी त्यांच्या बाजूने बोलणार, कारण त्यांनी सोडला. मी पेन मागितलं. त्यांनी दिलं नाही. मग भाच्याने कानामागची पेन्सिल काढून दिली. बसच्या पत्र्यावर कागद टेकवून मी माझं नाव खोडलं, दोनदा, आणि बाजूला लिहिलं: 'एका यात्रेकरूला गोरखपूरला तापात सोडून आलो. मीही त्यात होते.' मग सही केली.

"विचार करून करताय ना?" व्यवस्थापक म्हणाले.

"आधीची विचार न करता केली होती," मी म्हणाले.

देवासच्या दोन बायका पुढे आल्या आणि त्यांनीही पेन्सिल मागितली. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी अंगठा दिला होता, तो कसा खोडायचा हे त्यांना कळेना, तेव्हा आत्याने त्यांना ठशावर पेन्सिलीने फुली मारून दाखवली. बाकीचे बसमधून बघत राहिले. त्यांना मी दोष देत नाही. थोड्या वेळापूर्वी मीही तिथेच बसले होते.

"चला, गाडी सुटली," व्यवस्थापक ड्रायव्हरला म्हणाले. ड्रायव्हर तोंडातला विडा चघळत टपावर चढला होता. "गाडी कहीं नी जा री साब, पेले बाई को सामान तो उतारूं," म्हणत त्याने आमची ट्रंक, दोन वळकट्या आणि काकींची निळी पेटी एकेक करून खाली सोडली. ती पेटी खाली आली तेव्हा भाच्याला रडू फुटलं.

बस आमच्याशिवाय धारला गेली. त्याच संध्याकाळी आत्या भाच्याबरोबर गोरखपूरला निघाली. या खेपेला मी आधीच म्हटलं की धारला मी एकटी जाईन, आणि दुसऱ्या दिवशी इंदूरवरून मोटर बदलून गेले. काही वाकडं झालं नाही.

काकी जिवंत होत्या. ताप उतरला होता आणि तिथल्या परिचारिकेला त्या पातळ वरणाबद्दल बोल लावत होत्या. आत्या दारात दिसली तेव्हा त्या आधी तोंड फिरवून बसल्या. आत्या पलंगाजवळ जमिनीवर बसून राहिली, दुपारभर. शेवटी काकीच म्हणाल्या, "खिडकी लाव. वारा येतोय." आठवड्याने तिघं देवासला परतली.

जूनमध्ये शाळेने मला परत घेतलं नाही. कारण लिहून दिलं नाही, मी मागायला गेले तरी दिलं नाही. वडील चिडले, आई महिनाभर मंगळवार धरून बसली. मी कन्नौदला एका शाळेत लागले, खोली घेऊन एकटी राहिले, तेव्हा धारमध्ये त्याचीही चर्चा झाली. होऊ दिली. व्यवस्थापकांची बस पुढच्या वर्षीही भरून गेली, कारण लोकांना यात्रा हवीच असते. फक्त शेवटच्या दिवशी कागद फिरला नाही, असं त्या बसमधून आलेल्या एका बाईने मला सांगितलं.

नोकरी गेल्याचं दुःख मला झालं नाही, असं मी म्हणणार नाही. पण कोणी हळहळून विचारलं की तेवढ्या एका शब्दासाठी कशाला, तर मी त्यांना सोनकच्छपासून देवासपर्यंतचा रस्ता सांगते. तेवढ्या रस्त्यात माझी पहिली सही त्या कागदावर होती. त्याची लाज वाटते. दुसरीची कधी वाटली नाही.