उमेंद्रचा वन्स मोअर

उमेंद्र, फौजेतून परतल्यावर तुला ना काम होतं, ना झोप. गळा मात्र होता, म्हणून माझ्या नाटकातला शिपाई मी तुलाच दिला. अर्जुनीत सगळे म्हणाले, बाई कॉलेजातून रिटायर झाल्या आणि बिघडल्या. सुरुवातीपासून शेवटपर्यंत गाणं, तेही कानाला बोचणारं, आणि विनोदी प्रवेश एकही नाही.

तालमीत तू विचारलंस, "शेवटी त्याले तलावात कायले बुडवता जी, बाई?"

"लढाई त्याला घरी येऊ देत नाही म्हणून."

"मंग बरोबर आहे. मी बी अजून आलोच नाही."

दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत, भर दुपारी तू ते बुडण्याचं गाणं गायलास आणि आपल्या लोकांनी सवयीप्रमाणे वन्स मोअर मागितला. तू पुन्हा बुडालास. पुन्हा वन्स मोअर. या खेपेला तू "भूपेंद्र, हात दे" म्हणून ओरडत होतास. भूपेंद्र माझ्या नाटकात नव्हता. तो तुझ्या तुकडीत होता आणि तुझ्या डोळ्यांदेखत नदीत वाहून गेला होता.

"असली रडून राहिला पोट्टा," शेजारचा म्हातारा खुशीत म्हणाला. मी उभी राहून "थांबवा" म्हणत होते, पण टाळ्यांत कोणाला ऐकू येणार?

संध्याकाळी तू गावच्या तलावात सापडलास, अंगावर नाटकातलाच गणवेश.

दुसऱ्या दिवशी आपण गोंदियाला मनाच्या डॉक्टरकडे जाणार होतो. "तुम्ही संगं चला बाई, माह्यानं एकट्यानं सांगणं होत नाही," असं तूच म्हणाला होतास. सकाळची बस वेळेवर आली आणि गेली.