आयव्हीची डावी बाजू

ग्रेगने ड्रॉइंग माझ्या बेंचवर पसरलं आणि म्हणाला, "सायमन, डावी बाजू सव्वा इंच फुगली आहे. फळ्या काढ, तेरा फासळ्या बदल."

ग्रेग नेव्हल आर्किटेक्ट, म्हणजे बोटींचे आराखडे काढणारा. 'आयव्ही' ही जुनी लाकडी रेसिंग यॉट. क्लासिक बोटींच्या शर्यतीत उतरायचं तर बोट मूळच्यासारखीच आहे असं सर्टिफिकेट लागतं, आणि त्यावर सही ग्रेगची. पोर्ट केंब्लाजवळच्या माझ्या शेडमध्ये ती आठ महिने उभी होती.

"तेरा फासळ्या आणि निम्म्या फळ्या बदलल्या तर मार्गरेटच्या वडिलांची बोट उरली कुठे?"

"ड्रॉइंगमध्ये आहे ना."

मार्गरेट मालकीण, वय ब्याऐंशी. तिच्या वडिलांनी स्टीलवर्क्समधली शिफ्ट संपवून घरामागच्या अंगणात ही बोट बांधली, बायकोचं नाव दिलं, सिडनीच्या शर्यतींत पळवली आणि पुढे विकली. कितीतरी वर्षांनी मार्गरेटला ती खाडीच्या चिखलात सापडली. वडिलांच्या बोटीचं सुकाणू एकदा शर्यतीत धरायचं, एवढंच तिचं म्हणणं. तिची नजर झपाट्याने जात होती. पुढच्या वर्षी बघू, असं तिला सांगता येत नव्हतं.

ड्रॉइंग हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. वसईला पाचूबंदरात पप्पांनी आयुष्यभर मच्छीमारांच्या बोटी बांधल्या, सुतळी आणि डोळा एवढ्यावर. मी त्यांच्याच हाताखाली शिकलो. इथे ऑस्ट्रेलियात आलो तेव्हा कारागिरांची पात्रता तपासणाऱ्या परीक्षकाने विचारलं, "तू बांधलेल्या बोटींची ड्रॉइंग्ज?" नाहीत म्हटल्यावर त्याने मला हेल्पर लिहिलं. तीन वर्षं मी दुसऱ्यांच्या शेडमध्ये भुसा झाडला. ते मी विसरलेलो नाही.

तो सगळा राग ग्रेगवर निघाला. ड्रॉइंगची गुंडाळी करून मी त्याच्या हातात दिली आणि ती कुठे घालायची तेही सांगितलं. तो निघून गेला.

मार्गरेट कोपऱ्यात खुर्चीवर बसून ऐकत होती. म्हणाली, "भांडलास छान. आता सही कोण करणार?"

मी टेप काढली. बोट वयाने फुगली असती तर फासळ्या तडकल्या असत्या, आणि डेक ज्यांच्यावर टेकतो त्या आडव्या तुळया डाव्या टोकाला सुटल्या असत्या. तडा कुठेच नव्हता, एकही तुळई सुटलेली नव्हती. मधल्या रेषेपासून मोजलं, तर प्रत्येक तुळई डावीकडे जास्त लांब कापलेली. म्हणजे फुगवटा जन्माचाच.

"मार्गरेट, बोट बांधताना डावीकडे काय होतं?"

"ममचं लिंबाचं झाड. डॅड कुऱ्हाड घेऊन निघाले होते. मम म्हणाली, झाड गेलं तर मीही जाते."

पप्पा म्हणायचे, बोट जवळून बांधावी आणि वीस पावलं मागे जाऊन बघावी. झाडामुळे मार्गरेटच्या डॅडना डावीकडे मागे सरायला जागाच नव्हती, फुगवटा दिसणार कसा?

मी ग्रेगला फोन लावला. माफी मागणं मला जमत नाही, सौदा जमतो.

"शनिवारी ये. तुळया स्वतः मोज. मी चुकलो असेन तर तेराच्या तेरा फासळ्या बदलतो."

"आधी सॉरी म्हण."

"शनिवारी म्हणतो."

"आत्ता, मेट."

म्हटलं.

शनिवारी अख्खी दुपार तो पोटावर सरपटत मोजत होता. बाहेर आला तेव्हा केसांत कोळ्याचं जाळं. "बोट मूळचीच आहे," म्हणाला. "ड्रॉइंग चुकीचं आहे."

"मग ते दुरुस्त कर."

बोटीचं ड्रॉइंग अर्धंच काढतात, कारण दोन्ही बाजू सारख्याच धरतात. ग्रेगने पहिल्यांदा दोन्ही बाजू वेगळ्या काढल्या. फासळ्या सगळ्या राहिल्या. कुजलेल्या चार फळ्या तेवढ्या मी बदलल्या.

शर्यतीत सुकाणू मार्गरेटकडे होतं. समोरच्या खुणा मी सांगत होतो. वारा तिला गालावर कळत होता, तिथे मी तोंड घालायला गेलो की ती "गप रे" म्हणायची. अकरा बोटींत आम्ही नववे आलो. बोट किनाऱ्याला बांधून झाली तरी तिने सुकाणू बराच वेळ सोडलं नाही.

आधी मोजावं, मग ओरडावं, एवढं मी शिकलो. नव्या ड्रॉइंगची एक कॉपी माझ्या शेडमध्ये लावली आहे. खाली मोजणाऱ्यांत ग्रेगच्या नावाशेजारी माझं नाव आहे. आता कोणी ड्रॉइंग मागितलं तर दाखवायला एक आहे. हल्ली मागत मात्र कोणी नाही.