वडवणीपुढच्या धरणातली शिडाची होडी

अलिबागहून निघालो तेव्हा घरातले सगळे हसत होते. चाळीस वर्षं समुद्रावर इंजिनं दुरुस्त करणारा माणूस होडी बघायला कुठे चालला, तर बीड जिल्ह्यात, आणि तेही दुष्काळात. हसणाऱ्यांत मीही होतो. पण चंद्रकलाबाईंचा फोनवरचा आवाज हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. त्या तिकडच्या मच्छीमार सहकारी संस्थेच्या अध्यक्ष. आमच्या बंदरातली एक जुनी शिडाची होडी, पोटात पेट्रोलचं इंजिन असलेली, त्यांनी माझ्याच भरवशावर घेतली होती. ते इंजिन आता दहा मिनिटं चालून बंद पडत होतं, म्हणजे अब्रू माझीही पणाला लागली होती.

बीडहून वडवणीची एसटी धरली. खिडकीबाहेर कापूस उपटलेली काळी रानं आणि बाभळी, बाकी हिरवं काही नाही. वडवणीला आठवडी बाजार भरला होता. चहावाल्याने पिशवीतल्या पान्यांचा खडखडाट ऐकून कुठे निघालात विचारलं. धरणावर होडी दुरुस्त करायला, म्हणालो. त्याने कप माझ्यापुढे सरकवला. "पाणी हाय का बगा आदी." मला राग आला, पण चहा लई (फार) चांगला होता, म्हणून गप्प बसलो.

पाणी होतं, पण कुठल्या कुठे गेलं होतं. वडवणीहून धरलेल्या जीपमधून उतरून भेगाळलेल्या गाळावरून अर्धा तास चालल्यावर ते दिसलं. काठाला आमची होडी उभी होती आणि तिच्या डोलकाठीवर जाळी वाळत घातली होती. ते पाहून माझ्यातला दर्यावर्दी दुखावला. होडी चालवणारे दगडूमामा ओशाळून म्हणाले, वाऱ्यावर लवकर वाळतात.

चंद्रकलाबाई पन्नाशीच्या, डोक्यावर पदर, बोलणं मोजकं. त्यांनी हात करून पाण्यावरचा एक तराफा दाखवला. त्यावर पंप होता. वरच्या माळावरच्या छावणीला (दुष्काळात जनावरं एकत्र ठेवून चारा देतात ती जागा) त्याच पंपाचं पाणी जायचं. पाणी मागे हटलं की होडीने तराफा खोलात ओढून न्यायचा, हे काम संस्थेने अंगावर घेतलं होतं. चार दिवस तो हलला नव्हता.

"आज वढला न्हाई तर सकाळी पंप गाळ वढंल," त्या म्हणाल्या. "जनावरांला काय सांगू?"

मी बाह्या सरसावल्या. पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून उन्हात धरलं, तळाला पाणी नव्हतं. गाळणी साफ केली. नळी फुंकून पाहिली, मोकळी होती. कार्बोरेटर उघडून चिमूटभर कचरा काढला आणि तो असा मिरवला की जणू सोनंच सापडलं. इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झालं. काम फत्ते, असं मी जाहीर करून टाकलं.

दोघांना घेऊन निघालो. तराफा दोराला बांधला, ओढायला लागलो आणि बरोबर दहा मिनिटांनी इंजिन खोकलं आणि मेलं. पाण्याच्या मधोमध, डोक्यावर ऊन, बाजूला मुकाट तराफा. चंद्रकलाबाईंनी पदर सावरून वरच्या छावणीकडे पाहिलं, त्याचीच मला जास्त लाज वाटली. दगडूमामांनी विचारलं, "कावून (का) बंद पडलं?" मी त्यांच्यावर खेकसलो. मग काहीतरी करायचं म्हणून टाकीत काठी घालून पेट्रोल मोजायला झाकण फिरवलं.

टाकीने फुस्सकन श्वास घेतला.

मी झाकण उलटंसुलटं करून पाहिलं. टाकीच्या झाकणाला टाचणीएवढं भोक असतं. जेवढं पेट्रोल खाली उतरतं तेवढी हवा त्यातून आत येते. हवा आली नाही तर पेट्रोल अडतं. या झाकणावर त्या जागी कथलाचा चकचकीत, गोल, सुबक डाग होता.

"हे कुणी केलं?"

"म्या (मी)," चंद्रकलाबाई म्हणाल्या. उन्हाळा लागताना वस्तीतल्या गळक्या घागरी त्या दरवर्षी बाजारात डाग द्यायला नेतात. यंदा झाकणाला भोक दिसलं, त्यातून पेट्रोलचा वास येत होता, म्हणून घागरींबरोबर तेही डागवाल्यासमोर ठेवलं. थेंब वाया जाऊ नये, एवढंच मनात होतं.

टाकीचं तोंड फडक्याने झाकून मी झाकण होडीच्या टोकाशी नेलं, पुसून कोरडं केलं आणि दगडूमामांकडून पोती शिवायचं दाभण मागितलं. चंद्रकलाबाईंनी ते माझ्या हातातून घेतलं.

"म्या बुजवलं, म्याच पाडते."

मऊ कथलात दाभण रुतलं, फिरलं, आरपार गेलं. झाकण बसवलं, हाताने पंप मारून पेट्रोल चढवलं आणि इंजिन सुरू केलं. दहा मिनिटं झाली. पंधरा झाली. वीस मिनिटांनी दगडूमामा हसायला लागले आणि मग आम्हां तिघांना हसू आवरेना. दिवस कलायच्या आत तराफा भर खोलात उभा होता.

संध्याकाळी छावणीवर गेलो. हौदात पाण्याची धार पडली, तशी गाईबैलांची रांगच्या रांग माना खाली घालून प्यायला लागली. चंद्रकलाबाई एका म्हातारीसारख्या थकलेल्या गाईच्या पाठीवर हात ठेवून नुसत्या बघत राहिल्या. जेवायला ज्वारीची भाकरी आणि धरणातल्या माशाचं झणझणीत कालवण होतं. गोड्या पाण्यातल्या माशाला मी आयुष्यभर नावं ठेवली. त्या दिवशी दोनदा वाढून घेतलं.

परत आल्यावर बंदरातल्या मित्रांना सगळं सांगितलं, माझी फजितीसुद्धा. ते पोट धरून हसले. हौदाचं सांगितलं, तेव्हा मात्र कुणी हसलं नाही. इतक्या वर्षांत दुरुस्त केलेल्या कुठल्याच इंजिनाचा मला एवढा अभिमान वाटला नव्हता, आणि हे तर मी दुरुस्त केलंच नव्हतं. ते बिघडलेलंच नव्हतं.