बाबांचं शेवटचं गाऱ्हाणं

माझे बाबा 'व्हय म्हाराजा' ऐकत ऐकत गेले.

आज वर्ष झालं.

बाहेरच्या मित्रमैत्रिणींसाठी सांगते. आमच्या पेडण्यात देवळात गाऱ्हाणं घालतात. एकजण देवापुढे सगळ्यांचं मागणं मोठ्याने मांडतो आणि प्रत्येक वाक्याला बाकीचे एका सुरात म्हणतात, व्हय म्हाराजा.

देवळातला हा मान आमच्या घराचा नाही. म्हणून बाबांनी आपली हौस वाड्याच्या, म्हणजे आमच्या वस्तीच्या, व्हॉट्सॲप ग्रुपवर भागवून घेतली.

डिचोलीच्या खाणीवर ट्रक चालवण्यात आयुष्य गेलेला माणूस. रिटायर झाल्यावर पंचायतीची प्रत्येक खबर व्हॉइस मेसेजने द्यायचे. लाईट जाणार, टँकर येणार, ग्रामसभा पुढे ढकलली. सगळं गाऱ्हाण्याच्या चालीत.

"बा पंचायती म्हाराजा, तुझ्या वाड्यार नळाक पाणी नाय, जां काय वाकडां आसात तां सरळ कर रे म्हाराजा..."

खाली ढीगभर व्हय म्हाराजा आणि हसणारे इमोजी. मोरजीत टॅक्सी चालवणारी पोरं ते गाडीत लावायची म्हणे.

बाबा खूश. मीही खूश.

मग पाइपलाइनसाठी आमच्या चढणीचा रस्ता खणला. खणला आणि काँट्रॅक्टर गायब.

आमचं घर सगळ्यात वर. स्कूटर खाली ठेवायची, सिलिंडर खांद्यावरून आणायचा. बाबांचे गुडघे गेलेले, त्यांना तर उतरताच येईना. दिवसभर बल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीत, बसून वाटेकडे बघत राहायचे.

"खाणीर इतकी माती उपसली बाय, पण असो कधी अडकलंय नाय," एकदा म्हणाले.

रस्त्याचं गाऱ्हाणं रोज घालायचे. रोज व्हय म्हाराजा यायचं. रस्ता तसाच.

त्या दिवशी सकाळी चहा घेताना त्यांच्या छातीत दुखायला लागलं. दरदरून घाम. घरात आम्ही दोघंच.

मी अँब्युलन्स बोलावली. ती खाली खड्ड्यापाशीच थांबणार होती. बाबांना तिथवर न्यायला माणसं हवी होती. मला एकटीला ते उचलवेनात, आणि त्यांना सोडून माणसं शोधायला जाववेना.

फोन लावत सुटले. कुणी कामावर, कुणी उचलेना.

बाबा म्हणाले, थांब, मी ग्रुपार घालतंय.

आणि त्यांनी गाऱ्हाणंच घातलं. सरळ हात पसरणं त्यांना कधी जमलंच नव्हतं.

"बा वाड्या म्हाराजा, आज ह्या लेकराच्या छातयेत दुखता. गाडी वयर येणा नाय. चार जाणांनी खुर्ची धरून माका खाली व्हरा रे म्हाराजा."

टिंग. व्हय म्हाराजा.

टिंग. व्हय म्हाराजा.

एक हसणारा इमोजी.

बाबांनी फोन माझ्यापुढे धरला. "बघ, व्हय म्हणाले. येतले."

शेवटी शेजारच्या दिगंबरदादांना फोन लागला. ते हसत हसतच म्हणाले की आज बाबांनी बरंच रंगवलंय. मी काय ओरडले ते आता आठवत नाही, पण ते अनवाणी धावत आले. अँब्युलन्सची माणसंही स्ट्रेचर घेऊन त्या खड्ड्यातून चढून आली.

तोवर बाबांची मान ओसरीतल्या बाकाच्या पाठीवर कलली होती. डोळे वाटेकडे होते.

सगळे येतायत, या खात्रीने गेले ते. हे माझ्या मनातून जात नाही.

मला राग आहे. अजून आहे. पण वाईट कुणीच नव्हतं, त्यामुळे तो काढायचा कुणावर ते कळत नाही. लिहिणारे सगळे दुसऱ्या दिवशी घरी येऊन रडून गेले.

ग्रुप सोडावासा वाटतो. सोडता येत नाही. पाणी कधी येणार ते तिथेच कळतं. आता खबरा मीच टाकते, साध्या, लिहून.

काही दिवस कुणी व्हय म्हाराजा लिहिलं नाही. मग हळूहळू परत सुरू झालं.

रस्ता अजून तसाच आहे. खड्ड्यात झुडपं वाढलीत. दिगंबरदादांची आई आता अंथरुणाला खिळलीय, आणि त्यांचं घरही वरच आहे.

रविवारी ग्रामसभा आहे. रस्त्याचा विषय मी मांडणार आहे.

बाबा, तुमची चाल मला येत नाही. साध्या आवाजात मांडीन.

आणि वाड्यातल्या सगळ्यांना एक सांगणं. या पोस्टखाली श्रद्धांजली लिहिलीत तरी चालेल, नाही लिहिलीत तरी चालेल.

तेवढं 'व्हय म्हाराजा' लिहू नका.

रविवारी या.